आजोबांचा टोप

४ मार्च

लेकीच्या लग्नात अखेर माझ्यावर एक जबाबदारी आली. आतापर्यंत हॉल, जेवण, आमंत्रणं यांतल्या कशातही मी तोंड घातलं की घरातल्या सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवायची. आज मात्र ही स्वतः चहा घेऊन बाहेर आली, समोर बसली आणि म्हणाली, "अहो, त्यांच्या घरी युद्धातला एक जुना टोप आहे. व्याह्यांना तो जाणत्या माणसाकडून तपासून हवाय. तुम्ही टोपाचं बघा, बाकीचं आम्ही दोघी बघतो."

कामाची वाटणी मला पटली. ज्याला जे कळतं ते त्याने करावं. फक्त शब्द दुरुस्त केला. टोप स्वयंपाकघरात असतो, त्यात भात शिजतो. डोक्यावर असतं ते शिरस्त्राण. "बरं, त्राण," असं म्हणून ती कप उचलून घेऊन गेली. मी अजून चहा प्यालो नव्हतो.

माझ्याकडे अकरा शिरस्त्राणं आहेत, सगळी कपाटावर. हिचं म्हणणं, घरात अकरा टोप असून डोकं एकाच्याही खाली नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात माझी हयात गेली. त्यामुळे खोटं मला लांबून कळतं, आणि कळलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. मेहुण्याने हौसेने घेतलेलं घोडदळाचं शिरस्त्राण नाटक कंपनीतलं आहे, हे मी त्याच्याच वाढदिवसाला पाहुण्यांसमोर सांगितलं. आत खिळ्याने 'प्रधान, अंक दुसरा' असं कोरलेलं होतं. मी काय करणार? तेव्हापासून तो आमच्याकडे जेवायला येत नाही.

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मामाचं केलंत ते तिथे करू नका. मी एवढं एकच मागतेय." मी म्हटलं, वस्तू अस्सल असेल तर प्रश्नच येत नाही. तिला हे उत्तर का आवडलं नाही कळत नाही.

७ मार्च

व्याही दातांचे डॉक्टर आहेत. खाली दवाखाना, वर घर. शिरस्त्राण बघायला चांगला उजेड हवा म्हटल्यावर त्यांनी मला दवाखान्यातच नेलं, शिरस्त्राण रुग्णाच्या खुर्चीत ठेवलं, खुर्ची मागे झुकवली आणि वरचा मोठा दिवा त्याच्या तोंडावर ओढला. सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग स्वतःच ओशाळले. दात बघायचा तो छोटा आरसा मात्र फार सोयीचा. काठाच्या आतली बाजू इतकी स्वच्छ मी आजवर पाहिली नव्हती. एक मागून घ्यावा म्हणतो.

घरची कथा अशी. आजोबा म्हणजे व्याह्यांचे वडील. नव्वदी ओलांडलेली. नातू झाल्यापासून घरात सगळे, अगदी त्यांचा मुलगासुद्धा, त्यांना आजोबाच म्हणतात. तरुणपणी ते युद्धावर होते. एका हिवाळ्यात त्यांची चाळीस जणांची तुकडी डोंगरात अडकली, रस्ता बंद झाला. तेव्हा एक गोळी शिरस्त्राणावर बसली, पोचा आला आणि आजोबा वाचले. "म्हणजे हे नसतं तर मी नसतो, माझा मुलगा नसता आणि तुमच्या मुलीला नवरा नसता," व्याही म्हणाले. तिला दुसरा मिळाला असता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

लग्न नोंदणी कार्यालयात आणि नंतर हॉलमध्ये जेवण. जेवणाआधी शिरस्त्राण काचेच्या पेटीत ठेवून जोडप्याला भेट द्यायचं, आणि ते खरं असल्याचं मी चारचौघांत सांगायचं, अशी व्याह्यांची इच्छा आहे. पेटीवरची पाटी तयारसुद्धा आहे: 'गोळी झेललेलं शिरस्त्राण'. मी म्हटलं, आधी तपासू द्या, मग पाटी. ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

आजोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. त्यांचं लक्ष सारखं माझ्या हातांकडे. मी म्हटलं, "आजोबा, शिरस्त्राण उत्तम राखलंय."

"टोप," आजोबा म्हणाले. "आम्ही टोपच म्हणायचो."

शिपाईगडी माणूस, शब्दाच्या बाबतीत माफ केलं. लढाई कशी होती असं विचारलं तर त्यांनी आधी स्वतःचे तळहात पाहिले. मग म्हणाले, "धूर. डोळे उघडता यायचे नाहीत इतका धूर. समोर आग. हात भाजून निघाले. पण मी जागा सोडली नाही."

"आणि ते चाळीस जणांचं सांगा ना," व्याही म्हणाले.

"चाळीस जण एकदम चालून आले," आजोबा म्हणाले. "मी एकटा. पण एकालाही सोडलं नाही."

व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या तुकडीत चाळीस आणि चालून आले तेही चाळीसच, हे मला जरा खटकलं. शत्रूने मोजून पाठवले होते की काय? पोच्याबद्दल विचारलं तर आजोबा म्हणाले, "तो आपल्याच साहेबाच्या हातचा," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. व्याह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की पुढे विचारू नका. म्हणजे गोळी आपल्याच बाजूची. युद्धात असं होतं.

मग आजोबा मधेच नाक वर करून म्हणाले, "वर दूध बघा." विहीणबाई धावल्या आणि दूध उतू जाता जाता वाचलं. एक मजला खाली बसून त्यांना हे कळलं. शत्रूने विषारी वायू सोडले असतील, त्याने नाक तयार होत असावं. पण घरात मात्र म्हणे ते स्वयंपाकघराचा उंबरठासुद्धा ओलांडत नाहीत. पाणी हवं तरी बाहेरून मागतात. मला हे आवडलं. लढवय्याने तसंच असावं.

शिरस्त्राण पंधरा दिवसांसाठी घरी आणलं. देताना आजोबा म्हणाले, "घासू नका."

म्हणजे जाणकार आहेत. जुनी वस्तू घासायची नसते हे मेहुण्याला अजून कळलेलं नाही.

१० मार्च

कवच पोलादी, आतलं अस्तर वेगळं निघणारं. काठाची घडी, हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या, कड्यांचे टाके, सगळं त्या काळातलं. इथपर्यंत ठीक.

टिचकी मारली. अस्सल कवच खणखणतं. याचा आवाज बद्द आला. पुन्हा मारली, पुन्हा बद्द. मारतच राहिलो तेव्हा हिने आतून विचारलं, कोण आलंय म्हणून.

१२ मार्च

नको ते निघालं. हिरवा रंग नंतरचा आहे. मागच्या बाजूला जिथे तो उडालाय तिथे खाली काजळी आहे. काजळीखाली पोलादावर निळसर जांभळी झाक आहे. पोलाद विस्तवावर तापल्याशिवाय ती येत नाही. तीही सगळीकडे नाही, फक्त माथ्यावर, गोल. याचा अर्थ कुणीतरी हे उलटं धरून मुद्दाम जाळावर तापवलंय. नवी वस्तू जुनी भासवायला बनावटवाले हेच करतात. ओलावा, माती, आग.

आत गोल गोल ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेने फिरलेले. यंत्राने घासल्याशिवाय असे येत नाहीत. तळाला काळपट चिकट थर. तो नखाने खरवडून जिभेवर ठेवला (तपासणाऱ्याने लाजायचं नसतं). खारट लागला. घाम. म्हणजे घाम खरा आणि आग खोटी. असं प्रकरण मी आजवर पाहिलेलं नाही.

पोचाही गोळीचा नाही. गोळीचा पोचा टोकदार असतो, हा पसरट आहे. कुठल्यातरी लांब दांड्याच्या बोथट वस्तूने, हाताने मारलेला.

१३ मार्च

बनावट. लिहितानाही वाईट वाटलं, पण बनावट.

१४ मार्च

घरात सांगितलं. ही भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "कुणाकुणाला बोललात?" म्हणाली. कुणालाच नाही म्हटल्यावर परत निवडायला लागली.

लेक माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्या नव्वद वर्षांच्या माणसाला खोटारडा म्हणणार?"

मी म्हटलं, मी वस्तूबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही.

"मामाच्या वेळी हेच म्हणाला होतात. मला त्या घरात राहायचंय, बाबा. रोज."

मग मी म्हटलं की बोलणंच टाळतो. पण व्याही चारचौघांत विचारणार, आणि विचारल्यावर खोट्याला खरं म्हणणं मला जमत नाही. जमत असतं तर मी विमा कंपनीत साहेब होऊन निवृत्त झालो असतो. ती आत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

मला तिच्या लग्नात विघ्न आणायचं नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण घरात ते कुणाला खरं वाटत नाही.

१५ मार्च

अबोला. जेवण झाकून ठेवलेलं असतं.

१७ मार्च

व्याह्यांचा फोन. पेटीत दिवा बसवून घेतलाय म्हणाले. आजोबा दोन दिवस नीट जेवत नाहीत, सारखं विचारतात, "ते गृहस्थ काय म्हणाले?" मी म्हटलं, तपास चालू आहे. खोटं पकडलं जाण्याच्या भीतीने माणसाची भूक जाते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. पण या वेळी पकडल्याचा आनंद होत नाही.

१८ मार्च

दोघी कपडे आणायला गेल्या. जाताना ही अबोला मोडून एकच वाक्य बोलली, "बटाटे उकडायला ठेवलेत, पाणी आटायच्या आत गॅस बंद करा." मी हॉलमध्ये काय बोलायचं ते लिहायला बसलो. सुरुवात चांगली जमली होती: 'सत्य हे कटू असतं.' तिथेच वास आला.

बटाटे तळाला घट्ट बसले होते. दोघी यायच्या आत निस्तरावं म्हणून मोठा चमचा घेऊन खरवडायला लागलो. गोल, एकाच दिशेने, कारण भांडं गोल आणि माझा हात उजवा. खरवडून झाल्यावर उजेडात धरलं. आत गोल गोल ओरखडे. तळाला काळपट चिकट थर. बाहेरून बुडावर काजळी, ती पुसली तर खाली निळसर जांभळी झाक, बरोबर गोल. माझा हात आपोआप टिचकी मारायला गेला. आवाज बद्द.

थर मी चाखला नाही. बटाट्यात मीठ होतं हे मला माहीत होतं.

तेवढ्यात दोघी आल्या. ही दारातूनच म्हणाली, "अहो, माझ्या टोपाचं काय करून ठेवलंत?"

मी खाली फरशीवरच बसलो. लेकीला वाटलं मला काहीतरी झालं. ती पाणी घेऊन धावली, चार दिवसांत पहिल्यांदा "बाबा" म्हणाली. मी म्हटलं, "टोप. ते बिचारे पहिल्यापासून टोप म्हणतायत."

आजोबांचं एकेक वाक्य आठवून तपासलं. धूर, आग, भाजलेले हात. चाळीस जण चालून आले, एकालाही सोडलं नाही. अहो, सोडतील कसं? जेवायला आले होते. तीस वर्षं दावे तपासले, इतका स्वच्छ जबाब एकाचाही नव्हता. आणि मी तो घेऊन शत्रूची मोजणी करत बसलो होतो.

१९ मार्च

सकाळीच गेलो. आजोबा दवाखान्याच्या बाकावर बसले होते, आत व्याही कुणाची तरी दाढ काढत होते. मी पिशवीतून शिरस्त्राण काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आजोबा, टोप आणलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कळलं ना?"

"कळलं."

ते आतल्या दाराकडे बघून हळू बोलायला लागले. भांड्यांची गाडी नदीत गेली, रस्ता बंद झाला. कोठीत बटाटे होते आणि तांदूळ होते, शिजवायला काही नव्हतं. मग स्वतःचं शिरस्त्राण चुलीवर चढवलं. एका वेळी चार जणांचं व्हायचं. दिवसभर तेच. साहेबाला एकदा वेळेवर मिळालं नाही, त्याने वाढायचा डाव घेऊन मारला, तो हा पोचा.

"मग हे गोळीचं कुठून आलं?"

"याने आणलं," आजोबांनी दाराकडे बोट केलं. "सात वर्षांचा होता. शाळेत सांगून आला, माझ्या बाबांच्या टोपाला गोळी लागली. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. छाती फुगवून घरी आला. त्याला काय सांगू, की तुझा बाप बटाटे सोलायचा? काजळी दिसू नये म्हणून वरून हिरवा रंग दिला. मी खोटं कधीच बोललो नाही. कमी बोललो, एवढंच."

"मी तपासलंय," मी म्हटलं. "एकही वाक्य खोटं नाही."

हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "तुम्ही हॉलमध्ये सांगणार?"

"मला कुणी विचारलं की खोटं सांगता येत नाही, आजोबा. तो माझा आजारच आहे."

"मग त्या दिवशी दुसऱ्या कुठल्यातरी आजाराने घरी झोपा."

मी म्हटलं, लग्न माझ्या लेकीचं आहे. ते म्हणाले, हो, तेही खरंच. आतून रुग्ण ओरडला आणि मी उठलो.

२२ मार्च

भाषणाचे सहा खर्डे फाडले. हिला सगळं सांगितलंय. वाटलं होतं हसेल. डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्हाला काय बोलायचं ते सुचेल." इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर तिने पहिल्यांदा विश्वास टाकला. त्यामुळे सातवा खर्डा लिहायला बसलोय.

२५ मार्च

लग्न झालं. लेकीने सही करताना माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. ती धमकी होती की प्रेम, ठरवता आलं नाही.

हॉलमध्ये पेटीतला दिवा लागला. व्याह्यांनी माइक हातात घेतला, डोंगर, हिवाळा, गोळी, सगळं सांगितलं. मग मला पुढे बोलावून थेट विचारलं, "सांगा, या शिरस्त्राणाने माझ्या वडिलांचा जीव वाचवला की नाही?"

आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर खाली. आपल्या नावाची वाट बघणाऱ्या आरोपीसारखी. लेक ताठ उभी. मला खर्ड्यातलं एक अक्षर आठवेना.

मी म्हटलं, "हे शिरस्त्राण अस्सल आहे. मी पुष्कळ तपासली, इतकं अस्सल पाहिलं नाही. ते युद्धात होतं. त्याच्यावरची आग खरी आहे. त्याचा रंग काढू नका आणि त्याला घासू नका. आणि जीव म्हणाल तर ते एकाचा वाचवून थांबलं नाही. चाळीस जणांना त्याने हिवाळाभर मरू दिलं नाही. रोज. दिवसातून दोन वेळा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही कळलं नव्हतं, पण भाषण लहान होतं. लेकीने सुटकेचा श्वास सोडला. मी खोटं बोललो नव्हतो, कुणाला दुखावलं नव्हतं, आणि हे दोन्ही एकाच दिवशी जमण्याची माझी ही पहिली वेळ. मी खाली उतरायला निघालो.

तेवढ्यात आजोबा उठले. नातवाने हात दिला तो त्यांनी बाजूला सारला आणि माझ्या हातातला माइक घेतला.

"तीन वेळा," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बोट केलं.

"दोन वेळा म्हणाले हे. तीन वेळा. सकाळचा चहा यांनी धरलाच नाही. बर्फ वितळवून चाळीस माणसांना चहा द्यायचो मी. रोज, उजाडायच्या आत. तो कसा विसरता?"

मी म्हटलं, "चुकलं, आजोबा." खरंच चुकलं होतं.

व्याही माइकशिवायच म्हणाले, "चहा? आजोबा, म्हणजे काय?"

"म्हणजे मी आचारी होतो," आजोबा म्हणाले. "गोळी नाही लागली रे. डाव लागला."

दातांचे डॉक्टर स्वतः तोंड उघडून उभे राहिले. आता हे लग्न माझ्याच भाषणाने मोडलं असं वाटलं. लेक नवऱ्याच्या बाहीला घट्ट धरून होती. व्याही पुढे आले. मला वाटलं पेटी उचलून आत नेतील. पण ते आजोबांच्या पुढ्यात व्यासपीठाच्या पायरीवर बसले, आणि म्हणाले, "मग घरी कधी साधे बटाटेसुद्धा का केले नाहीत? आई आजारी असायची तेव्हा आपण बाहेरून आणून खायचो. तुम्ही आत पाऊल टाकायचा नाहीत."

"हात बघितले असतेस तर ओळखलं असतंस," आजोबा म्हणाले. "एकदा चिरताना बघितलं की लपत नाही ते."

साठ वर्षं. आवडतं काम, घरात चूल, आणि हा माणूस पोराच्या फुगलेल्या छातीसाठी उंबरठ्याबाहेर बसून पाणी मागत होता. मी हे लिहिताना पुन्हा चष्मा पुसतोय. तपासणीत हे कुठेच दिसलं नव्हतं.

व्याह्यांनी नाक ओढलं. मग सात वर्षांच्या मुलाने विचारावं तसं विचारलं, "उद्या सकाळी कराल?"

आजोबांनी माइक खाली ठेवला, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "किती माणसं धरायची?"